डावा कोपरा

शनिवारी रात्री संगणकानं परस्पर ठरवलं.
पडद्यावर लिहिलं होतं: बंद करू नका, काम चालू आहे.
आमच्याकडे असली पाटी
रंगखात्यातल्या बॉयलरवर असते.
मी हात लावला नाही. डबा घेऊन घरी गेलो.

सोमवारी बघतो तर
सुरुवातीचं बटण जागेवर नाही.
खाली मधोमध जाऊन बसलंय,
पंगत अर्धी झाल्यावर येऊन
दोघांच्या मध्ये मांडी घालणाऱ्या व्याह्यासारखं.

कोपरेही सगळे गोल.
टॉवेलला आम्ही गोल कोपरा कधी दिला नाही,
गिऱ्हाईक म्हणेल उंदरानं खाल्लाय.

बावीस वर्षं माझा हात
डावीकडे खाली जातो. न बघता जातो.
मोर, रथ, कमळ, दुबईवाल्याचे खजूर,
चादरीवरचा तो वाघ, जो मांजर दिसतो म्हणून परत आला,
सगळे त्याच कोपऱ्यातून आत आले आणि मागावर गेले.
आता तिथं दाबलं की हवामान निघतं.
सोलापूर, त्रेचाळीस अंश, निरभ्र.
अहो, हे पत्रा सांगतो.
हे मी विचारलं नव्हतं.

शेठचा प्रणीत म्हणाला,
गाजुल काका, दोन दिवसांत सवय होते.
तो पुण्याला शिकलाय, त्याला होत असेल.
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळाला पाणी,
हे कळून किती वर्षं झाली,
तरी तिसऱ्या दिवशीही हात तोटीकडे जातोच.
फुस्स होतं. तोटी बंद करतो.
पुन्हा जातो.

वडिलांचा खड्डामाग गेला आणि घरात यंत्रमाग आला
तेव्हा मी सातवीत.
यंत्राला पाय लागत नाहीत,
पण त्यांचे पाय ऐकेनात.
रात्री झोपेत डावा, उजवा, डावा,
गोधडी पायथ्याशी गोळा.
आई अंधारात म्हणायची, मग्गम आपंडी,
माग थांबवा हो,
आणि ते झोपेतच थांबायचे.
शाळेत मी मराठी, घरी तेलुगू,
पण माग आणि मग्गम यांत
मला तेव्हाही फारसं अंतर वाटलं नाही.

मला कोण म्हणणार?
पडद्यावर मोठं प्रश्नचिन्ह आहे, त्याला विचारलं.
त्यानं मला विचारलं, ही माहिती उपयोगी पडली का?

नऊ दिवस गेले.
दहाव्या दिवशी पॅकिंगची भाग्यलक्ष्मी
बारकोडचा कागद मागायला आली,
माझी चाचपड बघत उभी राहिली,
मग वाकून कुठंतरी दोनदा टिचकी मारली
आणि बटण सरकत सरकत
डाव्या कोपऱ्यात.
एवढंच होतं? म्हटलं.
एवढंच, म्हणाली, आणि कागद घेऊन गेली.

त्या दुपारी शेंगाचटणीशी एक भाकरी जास्त खाल्ली.
हात धुऊन बसलो, नवी नक्षी काढायची होती,
हात उचलला,
गेला मधोमध.
तिथं काही नाही. नुसती निळी पट्टी.

किती वेळ बसलो कोण जाणे.
पलीकडे सोळा माग खडखडत होते,
एकाचा धागा तुटला, तो थांबला,
कुणीतरी गाठ मारली, पुन्हा सुरू.

शेवटी जुना मोर उघडला.
मोठा केला, आणखी मोठा,
आलेखाची घरं दिसेपर्यंत.
चोचीखाली एक घर चुकलंय माझ्याकडून,
दोन हजार नऊ सालापासून.
हजारो टॉवेल गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही,
मीही कधी भरलं नाही.

आहे. तिथंच आहे,
पांढरं, चौकोनी,
चारही कोपरे शाबूत.